रायफलीवर घातलेले नाव

तालुका औसा, जिल्हा लातूर
(पाकिटावर उस्मानाबाद लिहू नये, जिल्हा बदलून दोन वर्षे झाली)
१२ डिसेंबर १९८४

श्रीयुत हणमंतराव व्याही यांच्या सेवेशी, व्यंकटरावचा दोन्ही हात जोडून रामराम.

पत्राला उशीर झाला, त्याची माफी आधीच मागून घेतो. दिवाळीपासून तीन वेळा लिहायला बसलो. पहिल्या वेळी शाई वाळलेली निघाली. दुसऱ्या वेळी टँकर आला आणि घागर घेऊन पळावे लागले. तिसऱ्या वेळी पत्र पूर्ण झाले, पण वाचून पाहिले तर रागाच्या भरात आपल्याला दोन ठिकाणी नुसते ‘तुम्ही’ लिहिले गेले होते, आणि विहीणबाईंविषयी एक ओळ अशी होती की ती लेकीच्या बापाने लिहायची नसते. ते चुलीत घातले. गुरुजींकडून लिहून घेतले असते तर एका बैठकीत झाले असते, पण गुरुजींना सांगितलेले गावाला कळते, आणि हे प्रकरण गावाला कळण्यासारखे नाही. (कळलेले आहे. पण माझ्याकडून नाही.) माझे शिक्षण तिसरीपर्यंत, तेही निजामाच्या शाळेत उर्दूत, तेव्हा अक्षर आणि अक्कल दोन्ही सांभाळून घ्यावे.

आपली तब्येत कशी आहे? गुडघा वर घेता येतो का? विहीणबाईंचे पित्त कसे आहे? (काळजीने विचारतो आहे, दुसरा अर्थ काढू नये.) आमच्या तारामतीला सातवा लागला, तिला पाण्यासाठी रांगेत उभे करत नसाल अशी खात्री आहे. इकडे ज्वारी वीतभर वर आली आणि उभीच्या उभी वाळली. विहिरीत उतरून पाहिले तर बेडूकसुद्धा दुसरीकडे राहायला गेलेला. बाकी सर्व खुशाल. सर्व खुशाल म्हणजे रायफलीचे सोडून, आणि पत्र तिच्याचसाठी आहे.

आपल्याला आठवत असेलच, तरी पुन्हा लिहितो, कारण आता ही गोष्ट सरकारी कागदावर सांगायची वेळ आली आहे आणि सर्वांनी एकसारखी सांगितलेली बरी. ही रायफल माझ्या वडिलांना निजामाच्या काळी एका जहागीरदाराने राखणदारीबद्दल दिली. रझाकारांच्या वेळी ती वर्षभर कडब्याच्या गंजीत राहिली. पुढे रीतसर परवाना झाला, तो माझ्या नावावर आला, आणि मी तीस वर्षे दर खेपेला जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतः हजर राहून नळीवरचा नंबर दाखवून शिक्का मारून घेत आलो. तिच्यातून शेवटची गोळी कधी सुटली ते मला माहीत नाही. माझ्या हातून एकही सुटलेली नाही. चोराला दिसावी म्हणून ती भिंतीला असते, आणि चोराला दिसू नये म्हणून तिच्यावर टॉवेल असतो.

तर गेल्या चैत्रात आपण आलात. कंधारकडे रान सगळे करपले, आपल्या विहिरीजवळचा अर्धा एकर ऊस तेवढा हिरवा, आणि मुलखातली सगळी रानडुकरे त्या अर्ध्या एकरात मुक्कामाला, असे आपण सांगितलेत. म्हणालात, “व्याही, आठ दिसांसाठी द्या. नुसती दिसली तरी डुकरं पळतील.” एकाच्या परवान्याचे हत्यार दुसऱ्याच्या घरी, तेही दुसऱ्या जिल्ह्यात ठेवायचे नसते, हे मला माहीत होते. पण मुलगी देऊन सहा महिने झाले होते, आणि ज्याला मुलगी दिली त्याला बंदूक नाही म्हणायचे तोंड मला नव्हते. काडतुसे दिली नाहीत, एवढी अक्कल चालवली. रायफल मात्र हातात दिली आणि तोंडाने म्हणालो, “न्या की. आपलीच समजा.”

व्याही, हे बोलणे कोण म्हणत नाही? पाहुणा आला की आपण सगळे म्हणतो, घर आपलेच समजा. म्हणून काय पाहुणा तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर नाव चढवतो?

आठ दिवसांचे आठ महिने झाले. पहिल्या पंधरवड्यात आपण शेतात बुजगावणे उभे केलेत, त्याला आपला जुना खाकी कोट घातलात आणि त्याच्या खांद्याला माझी रायफल दिलीत. (हे सर्व मला जावईबापूंनी सांगितले. सिद्धेश्वरराव स्वभावाने सरळ आहेत. सगळे सांगून टाकतात, आणि नंतर ‘आमच्या आईला सांगू नका’ म्हणतात.) डुकरांना त्या कोटाची भीती वाटली नाही. भीती वाटली टँकरच्या नव्या ड्रायव्हरला. शेताशेजारच्या गावच्या विहिरीत पाणी ओतायला आला, तर बांधावर एक माणूस बंदूक घेऊन उभा, हाक मारली तरी बोलत नाही, हलत नाही. त्याने टँकर भरलेलाच मागे फिरवला आणि तालुक्याला जाऊन सांगितले की या गावाने विहिरीवर हत्यारी पहारा बसवला आहे. दोन दिवस आपले गाव पाण्यावाचून राहिले. माझ्या रायफलीने अख्ख्या आयुष्यात काही पळवले असेल तर पाण्याचा टँकर.

तिसऱ्या दिवशी चौकशीला तलाठी आले. इथे आपण रायफल माळ्यावर टाकली असती तरी चालले असते. पण विहीणबाईंनी ती देवघरात नेली, हळदकुंकू लावले, समोर समई लावली आणि म्हणाल्या, “देवाची हाय.” तलाठ्यांनी चप्पल काढून नमस्कार केला आणि चहा पिऊन गेले. प्रसंगावधान मोठे, त्याबद्दल विहीणबाईंना माझा मनापासून नमस्कार सांगावा. परंतु देवघरात गेलेली वस्तू बाहेर कशी काढायची याचा विचार कोणी केला नाही. ती तिथेच राहिली. दसरा जवळ आला, खंडेनवमीला हत्यार पुजायचे, म्हणून तिला देवाच्या उपकरण्यांबरोबर अंगणात आणून चिंच आणि राख लावून घासले. पन्नास वर्षांचा काळा रंग एका सकाळी गेला. व्याही, चिंचेने तांब्याभांडे घासतात, रायफल घासत नाहीत. मी तिला वर्षातून एकदा तेलाचे बोट लावत होतो, तेही घाबरत.

आता ज्या गोष्टीने मी बेजार झालो आहे ती लिहितो. त्याच आठवड्यात आपल्याकडे भांड्यांवर नावे घालणारा मलप्पा आला होता. आपल्या लेकीच्या, सिंधुच्या, लग्नाची भांडी, घंगाळापासून पळीपर्यंत, अंगणात ओळीने मांडलेली, आणि तो छिन्नी-हातोडी घेऊन एकेकावर टिंबाटिंबांनी नाव घालत चाललेला. ओळीच्या शेवटी, परातीच्या पलीकडे, लखलखीत घासलेली माझी रायफल वाळत होती. मलप्पाने विचारले, “हिच्यावर काय घालायचं?” आणि विहीणबाई म्हणाल्या, “व्याह्यानं देल्याली हाय, तसंच घाल.” त्याने पाहिले तर नळीवर चांगली जागा एकच, आणि तिथे काही जुने खरबरीत आकडे. त्याने ते कानशीने घासून जागा साफ केली. कामात पक्का माणूस, माझी तक्रार नाही. आणि मग घातले: ‘श्री. हणमंतराव यांस व्याही व्यंकटराव यांजकडून सप्रेम भेट. दसरा १९८४.’ नळीवर ‘सप्रेम’पाशी जागा संपली, म्हणून ‘भेट’ आणि दसरा लाकडी दस्त्यावर गेले.

ते खरबरीत आकडे म्हणजे नंबर होता. परवान्यात रायफलीची ओळख म्हणून दुसरे काहीही लिहिलेले नाही.

हे मला काहीच माहीत नव्हते. दिवाळी झाल्यावर लातूरहून नोटीस आली, की नवा जिल्हा झाला, दप्तर इकडे आले, तरी सर्व परवानेवाल्यांनी हत्यार व पुस्तक घेऊन समक्ष हजर व्हावे. मी आपल्याला कार्ड टाकले की दोन दिवसांपुरती दाखवायला द्यावी. (‘परत’ हा शब्द मी कार्डात लिहिला नव्हता. कार्ड आपल्याकडे असेल तर पाहावे.) जावईबापू ती घेऊन एस.टी.ने निघाले. उघडी आणता येत नाही, म्हणून कडब्याच्या पेंढीत गुंडाळली. दुष्काळात जावई सासऱ्याच्या बैलांना चारा घेऊन जातो आहे, कोणाला संशय येणार नाही, उलट लोक नाव काढतील. तेही ठीकच होते. पण चाकूरला गाडी बिघडली. पेंढी लिंबाखाली ठेवून जावईबापू चहाला गेले, आणि स्टँडावरच्या दोन उपाशी गाईंनी महिन्यात पहिल्यांदा कडबा पाहिला. ते चहा पिऊन परत येईपर्यंत गाई तोंड पुसून बाजूला उभ्या होत्या आणि रायफल उन्हात चांदीसारखी पडली होती, भोवती पन्नास माणसे. कोणीतरी शिकलेला वाकून मोठ्याने वाचून दाखवत होता. एक म्हातारा कपाळाला हात लावून म्हणाला, “अरे देवा! आंदणात सायकल मागत होते, घड्याळ मागत होते, आता बंदूक मागायलेत!” दुसऱ्याने विचारले, “लेकीचा बाप कुठला म्हणे?” जावईबापू म्हणाले, “औशाचा.” त्यावर सगळे हळहळले. एका बाईने रायफल गुंडाळायला आपली चादर दिली. पण माझे नाव चाकूरच्या स्टँडावर लेकीच्या सासरी बंदूक द्यावी लागलेला बाप म्हणून झाले, ते आता कसे पुसायचे ते सांगावे.

रायफल हातात आली तेव्हा मी ओळखलीच नाही. मी जावईबापूंना विचारले, हे काय आणले, आणि आपली कुठे आहे? म्हणाले, हीच ती. मग भाकरी खाताना एकेक सांगितले. माझी भाकरी तशीच राहिली.

तरी लातूरला गेलो. तिथले साहेब वयाने लहान पण सभ्य होते. त्यांनी परवाना उघडला, नंबर वाचला, रायफल उलटी केली, सुलटी केली, भिंग लावले. मग शांतपणे ‘सप्रेम भेट’ वाचले, दस्त्यावरचा दसरासुद्धा वाचला. म्हणाले, “आजोबा, ही तुमची न्हाई. हिच्यावर हणमंतरावांचं नाव हाय.” मी म्हटले, “साहेब, माझीच हाय.” म्हणाले, “मग नंबर दाखवा.” म्हटले, “नंबर व्याह्यांनी घासून काढला.” म्हणाले, “का?” मी म्हटले, “चांगली दिसावी म्हणून.” त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग समजावून सांगितले: परवान्यातली रायफल हजर केली नाही, म्हणजे ती हरवली, तो एक गुन्हा. आणि जी हजर केली तिचा परवाना नाही, तो दुसरा. म्हणजे जी माझी आहे ती माझ्याकडे नाही, आणि जी माझ्याकडे आहे ती माझी नाही, आणि दोन्ही मिळून एकच आहे. एवढे सगळे मी भिंतीला टॉवेलखाली टांगून ठेवले असते तर झालेच नसते.

साहेबांनी दया केली. एकतीस डिसेंबरपर्यंत मुदत दिली, तोवर रायफल त्यांच्या कपाटात राहील. म्हणाले, ज्यांचे नाव आहे त्यांना समक्ष आणा. त्यांनी लिहून द्यावे की ही भेट नव्हती, राखणीपुरती नेली होती, नाव चुकीने पडले. मलप्पाची सहीही आणली तर उत्तम. मग समज देऊन नवा नंबर घालतील आणि परवाना माझा मला राहील.

मी हे आपल्याला लगेच कळवणार होतो, इतक्यात आपल्याकडून विहीणबाईंचा निरोप आला. बाजारच्या दिवशी औशाच्या स्टँडावर नांदेड-सोलापूर गाडी थांबली आणि कंडक्टरने दारातूनच हाक मारली, “व्यंकटराव कोण हायत? धुरपताबाईचा निरोप हाय!” मी पुढे झालो. त्याने गाडीतल्या आणि गाडीखालच्या सगळ्या लोकांसमोर, एक शब्द न गाळता सांगितले, “देल्याली वस्तू ज्याला माघारी लागते, त्याच्या घरी आमची सून जायची न्हाई. पहिलं बाळंतपण आमचं आमी करू. तुपाचा डबाबी पाठवू नका म्हणावं.” आणि घंटी मारली.

व्याही, पहिले बाळंतपण माहेरी होते. आमच्या घरी खोली सारवून ठेवली आहे, बाज कसून घेतली आहे, बाळंतिणीसाठी शेजारच्यांनी त्यांच्या वाट्याच्या पाण्यातली रोज एक घागर कबूल केली आहे. या दिवसांत घागर कबूल करणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. आता माझी अवस्था पाहावी. आपण लातूरला येऊन ‘भेट नव्हती’ लिहून दिले, तर मी सुटतो, पण विहीणबाईंचा शब्द सरकारात खोटा पडतो आणि तारामती येत नाही. नाही आलात, तर मी दोन गुन्ह्यांत अडकतो आणि तारामती तरीही येत नाही. तेव्हा मोठ्या मनाने विहीणबाईंची समजूत काढावी आणि एकतीसच्या आत लातूरला यावे, एवढीच विनंती. मलप्पालाही आणावे. त्याला म्हणावे येताना कानस आणू नको.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, सिंधुला आशीर्वाद. चुकले असेल ते पोटात घालावे.

आपला नम्र,
व्यंकटराव

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी आमच्या मंडळींना, केवळाबाईंना, वाचून दाखवले. त्या ज्वारी निवडत होत्या. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “एक राहिलं की लिवायचं.” मी विचारले काय. म्हणाल्या, आपण रायफल घेऊन निघालात तेव्हा मी स्टँडावर हसत हसत आपल्याला म्हणालो होतो, “पाहिजे तर नाव घालून घ्या, म्हणजे हरवायची नाही.” मला हे आठवत नाही. पण केवळाबाईंना आठवते, आणि त्यांनी स्टँडावर कोण कोण उभे होते त्यांची नावेही सांगितली. तेव्हा वर मी मलप्पाविषयी आणि विहीणबाईंविषयी जे लिहिले आहे ते वाचावे, पण मनावर घेऊ नये. खोडले असते, परंतु पाने खराब दिसतात.

ता. क. दुसरा. दोन दिवस पत्र तसेच ठेवले आणि विचार केला. काल पुन्हा लातूरला जाऊन साहेबांना विचारून आलो, की समजा व्याह्यांनी भेटच होती असे लिहून दिले, तर? म्हणाले, तुम्ही तसा अर्ज द्या. मग रायफल सरकारात जमा होईल, तुमचा परवाना रद्द, तुम्हाला दंड आणि समज, आणि व्याह्यांना पाहिजे असल्यास त्यांनी नांदेडला आपल्या नावाने अर्ज करावा. मी म्हटले, अर्जाचा कागद द्या. तो भरून सही करून त्यांच्यापाशी ठेवून आलो आहे. रायफल वडिलांची खरी, पण वडील आता ती मागायला येणार नाहीत. तेव्हा विहीणबाईंना सांगावे की भेट ती भेटच होती, नळीवर लिहिलेय तसे सप्रेम होती, आणि लातूरला आपण तसेच लिहून द्यावे. मी शेजारी उभा राहून हो म्हणेन. समजूत काढू नये, मलप्पालाही आणू नये. फक्त ज्या गाडीने आपण याल त्याच गाडीने तारामतीला घेऊन यावे, पुढची जागा धरावी आणि चाकूरला उतरू देऊ नये. तुपाचा डबा मी पाठवणार नाही, ती इथे येऊनच खाईल. साहेबांनी एकतीस तारखेपर्यंत वाट पाहू म्हटले आहे, तिच्या पोटातल्याने तसे काही म्हटलेले नाही. म्हणून होय की नाही, ते उलट टपाली कळवावे. टपालाला वेळ लागत असेल तर कंडक्टरजवळ निरोप दिला तरी चालेल, पुन्हा सगळ्यांसमोर सांगितला तरी चालेल, मी रोज गाडीच्या वेळेला स्टँडावर उभा असतो.